बाईंचं घर आणि शाळेचं दप्तर

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या अनुदानित हायस्कूलचे मुख्याध्यापक मेअखेर निवृत्त होत आहेत. सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव एका बाईंचं आहे. बाई विज्ञान शिकवतात, दहावीचा निकाल चांगला लावतात, वर्गाची कसली तक्रार नाही. पण काही वर्षांपूर्वी त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, घटस्फोटाचा दावा अजून कोर्टात आहे, आणि हल्ली त्या राजारामपुरीत एका गृहस्थांसोबत राहतात. त्यावरून गावातून दोन अर्ज आलेत. 'अशा बाई मुख्याध्यापक झाल्या तर आमच्या मुली काय शिकणार?' असा सूर. संचालक मंडळात दोन तट पडलेत. शिक्षकाचं खासगी आयुष्य पदाच्या आड येऊ शकतं का, आणि यायला हवं का, असं सचिव विचारतात.

सचिवसाहेब, तुमच्या या प्रकरणात दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण एवढ्यावर थांबले तर ते अर्धवट होईल. 'ते त्यांचं खासगी आहे' हे वाक्य मी संस्थाचालकांच्या तोंडून ऐकलंय ते बहुतेक वेळा नको त्या माणसाला वाचवताना. आणि 'शिक्षकाला कसलं आलंय खासगी?' हे ऐकलंय ते नको त्या माणसाला घालवताना. नोकरीत असताना मी जिल्ह्यातल्या काही चौकशी समित्यांवर कर्मचाऱ्याने सुचवलेली सदस्य म्हणून बसले, पुढे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि अजूनही कुणाला कारणे दाखवा नोटीस आली की तो माणूस कागद घेऊन माझ्या दारात येतो. तेव्हा जे लिहिते आहे ते त्या कागदांवरून.

आधी कायद्याचं आटपून घेऊ. तुमच्या शाळेला १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम ३ सांगतो की मुख्याध्यापकपद सर्वांत ज्येष्ठ, पात्रता असलेल्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेल्या शिक्षकाला द्यायचं. हा अभिलेख म्हणजे गावातलं मत नव्हे. तो गोपनीय अहवालात असतो. नियम १५ प्रमाणे अहवाल दरवर्षी लिहायचा, प्रतिकूल शेरा असेल तर ऑगस्ट संपायच्या आत कर्मचाऱ्याला कळवायचा, आणि अहवाल लिहिला नाही किंवा शेरा कळवला नाही तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. बाईंच्या अहवालांची फाइल काढून बघा. इतकी वर्षं तुमच्याच मुख्याध्यापकांनी 'चांगले', 'अतिशय चांगले' लिहून खाली सह्या केल्या असतील, तर एप्रिल-मे महिन्यात अचानक आठवलेलं चारित्र्य त्यात मागून घुसवता येत नाही. काही संस्था तोही उद्योग करतात. मागच्या तारखेचा शेरा लिहून ठेवतात. जावक रजिस्टरमध्ये दोन ओळींच्या मधे कोंबलेली नोंद कुठल्याही वकिलाला पहिल्या पाच मिनिटांत सापडते, एवढं सांगून ठेवते.

दुसरा नियम २८. शिक्षकाला शिक्षा कशासाठी करता येते ते त्यात चार कारणांत मांडलंय : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कामात हेतुपुरस्सर आणि सतत हयगय, आणि अकार्यक्षमता. संस्थाचालकांचं बोट नेहमी 'नैतिक अधःपतन' या शब्दांवर जाऊन थांबतं आणि पुढचं स्पष्टीकरण कुणी वाचत नाही. पुढे लिहिलंय की विद्यार्थी, विद्यार्थिनी किंवा कर्मचारी यांच्याशी असभ्य अथवा अनैतिक वर्तन, आणि त्याच प्रकारचं इतर कृत्य. म्हणजे नियम करणाऱ्यांनी शाळेच्या आत असलेल्या माणसांकडे बोट दाखवलंय. राजारामपुरीतल्या फ्लॅटकडे नाही. बाई ज्यांच्यासोबत राहतात ते गृहस्थ ना तुमचे विद्यार्थी, ना तुमचे कर्मचारी.

आणि हा गुन्हाही नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. त्या कलमातही बाईला शिक्षा नव्हतीच, शिक्षा होती ती पुरुषाला. एक मात्र बाईंच्या कानावर कुणीतरी आपुलकीनं घालावं : दावा निकाली निघण्याआधी दुसरं लग्न लावलं तर चित्र पालटेल. पहिला विवाह कायम असताना दुसरा करणं हा गुन्हा आहे, आणि जिल्हा परिषद किंवा सरकारी सेवेत त्या असत्या तर वर्तणूक नियमांनीही तो मुद्दा झाला असता. तेव्हा खासगी आयुष्य नोकरीला कधीच शिवत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सरकारी भरतीत तर २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, दोनापेक्षा जास्त मुलं असतील तर नोकरीच मिळत नाही. मुलं किती व्हावीत याहून खासगी काय असतं? पण तिथे नियम आहे, लिहिलेला आहे, आणि सगळ्यांना सारखा आहे. तुमच्याकडे आलेल्या अर्जांमागे यातलं काहीच नाही.

आता त्या अर्जांकडे या. मला ते बघायला मिळालेले नाहीत, पण अशा अर्जांची एक जात मला ओळखू येते. डीटीपी सेंटरवरून टाइप केलेले असतात, खाली 'एक जागरूक पालक' किंवा 'समस्त ग्रामस्थ' असं असतं. मजकुरात बाईंच्या अब्रूवर दोन परिच्छेद, आणि मग तिसऱ्या परिच्छेदात बाईंची रुजू तारीख, बी.एड. कुठल्या वर्षी झालं, आणि वैयक्तिक मान्यतेच्या, म्हणजे शिक्षण खात्यानं नेमणुकीला दिलेल्या मंजुरीच्या, पत्राचा जावक क्रमांक. आता मला सांगा, कुठल्या पालकाला शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेचा जावक क्रमांक पाठ असतो? ज्याला असतो तो स्टाफरूममध्ये बसतो. एका शाळेत असाच अर्ज चौकशीपर्यंत आला होता. मी फक्त सेवाज्येष्ठता यादी मागवली. दुसऱ्या नंबरवर कोण आहे एवढंच बघायचं होतं. अर्ज दहा वर्षं जुन्या गोष्टीवर होता आणि मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्यापुढे काही विचारायची गरज उरली नाही.

म्हणून म्हणते, अर्जात काय लिहिलंय यापेक्षा तो कधी आला ते आधी बघावं. पटसंख्या घटून एखादा शिक्षक अतिरिक्त ठरणार असेल, तुकडी बंद पडत असेल, पर्यवेक्षकाची जागा रिकामी होत असेल, संस्थेची निवडणूक असेल, तेव्हा आपल्याकडे चारित्र्याचा पूर येतो. एरवी पंचगंगेला येतो तसा, वर्षातून एकदा, आणि ओसरला की चिखल तेवढा मागे.

आता एक चौकशी जरा जवळून सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा त्यात आहे. गाव सांगत नाही. एका सरांवर दोषारोपपत्र ठेवलं होतं : मद्यप्राशन करून गावात फिरतात, त्यामुळे विद्यार्थ्यांवर वाईट परिणाम होतो, वर्तन शिक्षकी पेशाला शोभत नाही. साक्षीला एक पालक आले. चांगले धडधाकट, पांढरी टोपी. त्यांनी सांगितलं की सरांना हायवेवरच्या बारमध्ये बसलेलं स्वतः पाहिलं. सरांच्या प्रतिनिधीनं विचारलं, "तुम्ही तिथं कसे?" म्हाताऱ्यानं सरळ उत्तर दिलं, "पलीकडच्या टेबलावर हुतो की!" समितीतले सगळे हसले, लिहून घेणारा कारकूनही. मग विचारलं, "सर वर्गात कधी पिऊन आले होते का?" तर म्हणाले, "ते मला काय ठावं? मी शाळंत कशाला जातोय?"

हसण्यावारी गेलं खरं, पण मला राहवेना म्हणून मी शाळेचं मस्टर, म्हणजे शिक्षकांचं हजेरीपत्रक, मागवलं. त्यात जे होतं ते दोषारोपपत्रात कुठेच नव्हतं. महिन्यातले निम्मे सोमवार सर किरकोळ रजेवर, नाहीतर अर्धा दिवस. पहिला तास सलग बदली शिक्षकावर. सहामाहीचे पेपर तपासायला दिलेले दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलेले. नववीच्या वर्गाचा बीजगणिताचा एक अख्खा घटक शिकवलाच नव्हता. हे सगळं नियम २८ मध्ये 'हयगय' म्हणून सरळ बसत होतं. मग लिहिलं का नव्हतं? कारण ते लिहायचं तर मुख्याध्यापकांना सांगावं लागलं असतं की दोन वर्षं आपण हे चालू दिलं, एक मेमोसुद्धा काढला नाही, आणि गोपनीय अहवालात 'नियमित' असा शेरा दिला. त्यापेक्षा बार सोपा. बारचा दोष सरांचा, मस्टरचा दोष दोघांचा.

चौकशी त्या दोषारोपपत्रावर टिकली नाही. सर सुटले, आणि शाळेचं नुकसान तसंच राहिलं. संस्था माणसाच्या घरात शिरून पुरावा शोधत बसली, आणि पुरावा तिच्याच कपाटात होता. रविवारी घरी बसून पिणारा आणि सोमवारी पावणेअकराच्या प्रार्थनेला ताठ उभा राहणारा शिक्षक मला आवडेल की नाही हा वेगळा प्रश्न, त्यावर मला नोटीस काढता येत नाही. ज्याचं पिणं पहिल्या तासापर्यंत पोचलंय त्याच्यावर काढता येते, आणि ती काढताना 'दारू' हा शब्दही लिहायची गरज नसते.

तुमच्या बाईंनाही हाच निकष लावा. मस्टर बघा, पाठटाचण बघा, निकालपत्रक बघा, पालकसभेचं इतिवृत्त बघा. वेगळं राहायला लागल्यापासून शाळेच्या कामात काही बिघडलंय का? तुम्हीच लिहिताय की नाही. मग विषय तिथेच मिटतो.

पण हा निकष उलटा फिरवला की तो फार कडक आहे, आणि तिथे मी कुणाला सोडायला तयार नाही. शाळा सुटल्यावर, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या घरी बसून एखादा सर नववीतल्या मुलीला रात्री अकरा वाजता 'झोपलीस का' असा मेसेज करतो. वेळ शाळेबाहेरची, जागा शाळेबाहेरची, फोन त्याचा. खासगी आहे का हे? अजिबात नाही. पलीकडच्या टोकाला विद्यार्थिनी आहे, एवढं पुरे. अशा वेळी संस्था काय करतात ते तुम्ही सचिव आहात म्हणून तुम्हालाही माहीत असेल. सरांना या शाखेतून त्या शाखेत पाठवतात. 'पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे, कुठं बोभाटा करायचा' म्हणून आईवडिलांना गप्प बसवतात. 'सर जरा तसे आहेत, पण इंग्रजी फर्स्ट क्लास शिकवतात' असं एकमेकांना सांगतात. नव्या शाखेतल्या मुलींना कोण सांगणार? ज्या संचालकांना बाईंचा फ्लॅट सलतो, त्यांच्यातलेच काही या सरांच्या बाबतीत 'वैयक्तिक बाब' म्हणताना मी ऐकलेत, आणि तेव्हा मला बैठकीतून उठून जावंसं वाटलंय.

इथे कायदा एकदम स्पष्ट आहे. बाललैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवायलाच हवी. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. शिक्षकानं केलेला अत्याचार त्या कायद्यात जास्त गंभीर मानलाय. नवोदय विद्यालयातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं, मुलीला उलटतपासणीला उभं करावं लागू नये म्हणून नेहमीची खातेनिहाय चौकशी टाळली तरी त्याला नोकरीतून काढणं योग्य ठरवलं होतं. जिथे मूल आहे तिथे शिक्षकाच्या 'खासगी'ला न्यायालयं दारातही उभं करत नाहीत. उलट जिथे मूल नाही, कर्मचारी नाही, पैसा नाही, तिथे ती दार उघडून आत डोकावायलाही तयार नसतात.

आपल्या बाजूचा इतिहासही बघण्यासारखा आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हा, १८९३ साली, त्यांनी एका विधवेशी लग्न केलं. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या काळच्या मोजमापानं याहून मोठा 'चारित्र्यदोष' नव्हता. फर्ग्युसननं त्यांना काढलं नाही, ते पुढे १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईला विल्सन कॉलेजात गणितच शिकवत. ते वर्गाबाहेर संततिनियमनाचा प्रचार करायचे, म्हणून १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. बाप आणि लेक, दोघेही गणिताचे, दोघांच्याही शिकवण्याबद्दल तक्रार नाही. फरक पडला तो कॉलेजच्या कण्यात. विल्सननं काय मिळवलं हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि आपल्या कोल्हापूरचं एक. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. विद्यार्थिनीशी जोडल्या गेलेल्या प्रेमप्रकरणाचा पुण्यात गदारोळ झाला आणि १९२४ मध्ये त्यांचं फर्ग्युसन सुटलं. पुढे १९२८ ला राजाराम कॉलेजनं त्यांना घेतलं, आणि १९३९ ला ते गेले तोवर ते इथेच शिकवत होते. इथे असतानाच ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, इथे असतानाच त्यांना डी.लिट. मिळाली. आमच्या पिढीला ही गोष्ट 'कोल्हापूरचं मन मोठं' म्हणून सांगितली गेली, आणि ते खरंही आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा केला, त्या गावाला हे शोभूनही दिसतं. पण मी मुख्याध्यापिका असते आणि असं प्रकरण आज समोर आलं असतं, तर मी पहिलं विचारलं असतं : ती मुलगी त्यांच्या वर्गात होती का, तिचे पेपर कोण तपासत होतं? माणूस कवी म्हणून मोठा असला तरी हा प्रश्न सुटत नाही. त्या काळी पुण्यानं बोंब मारली ती प्रेमावर. जे विचारायला हवं होतं ते मार्कांचं.

अलीकडचं उदाहरण फार कडू आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेऊन लोक त्यांच्या राहत्या घरात घुसले, एका पुरुषासोबतचं चित्रण केलं, आणि विद्यापीठानं निलंबित कुणाला केलं, तर सिरसांना. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. ज्या चौकशीला हात घालायचाच नव्हता, त्या चौकशीचा शेवट असा झाला.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण शाळांमध्ये बाईलफड्यांपेक्षा कर्जाची प्रकरणं जास्त असतात, फक्त त्यांची चर्चा चवीनं होत नाही. सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, वर हातउसने, जामीनदारांच्या पगारातून कपात, शाळेच्या पत्त्यावर येणाऱ्या नोटिसा. कर्जबाजारी असणं हे गैरवर्तन नव्हे. पण त्या शिक्षकानं पालकाकडे पैसे मागितले, की ते शाळेचं झालं. ज्याच्या मुलाचे पेपर तुम्ही तपासता त्याला 'नाही' म्हणता येत नाही. अशा शिक्षकाच्या हातात सहलीची वर्गणी देऊ नये. ही शिक्षा नाही, कामाचं वाटप आहे, आणि ते मुख्याध्यापकाच्या अधिकारात येतं. शिक्षा करणं आणि काहीच न करणं यांच्या मधे केवढी तरी जागा असते, संस्थाचालकांना ती दिसत नाही. शिकवण्यांचंही तसंच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकाला खासगी शिकवणी बंद आहे. तिथे 'संध्याकाळी मी माझ्या घरी काय करतो' हा बचाव चालत नाही.

व्हॉट्सॅपचं एक प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. हातकणंगले पोलिसांत एका प्राध्यापकावर, पालक-शिक्षकांच्या ग्रुपमध्ये असताना ठेवलेल्या स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. ऑगस्ट २०२२ मधलं ते स्टेटस कलम ३७० रद्द केल्याचा निषेध करणारं आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं होतं. उच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला गुन्हा रद्द केला. सरकारी निर्णयावर टीका करायचा नागरिकाचा हक्क शिक्षक झाल्यामुळे जात नाही, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ. शिक्षकांना मी तरी एवढंच सांगते की जून २०२३ मध्ये स्टेटसवरूनच आपलं शहर बंद पडलं आणि दगडफेक झाली हे आपण पाहिलंय, तेव्हा पालकांच्या ग्रुपचा नंबर आणि स्वतःचा नंबर वेगळा ठेवा. हा सल्ला आहे, नियम नाही. मार्च २०२४ मध्येच शासनानं शिक्षकांच्या पोशाखाचा निर्णय काढला, जीन्स-टीशर्ट नको, साडी किंवा सलवार-चुडीदार घाला. शाळेच्या वेळेत पोशाख ठरवणं मी समजू शकते. रविवारी रंकाळ्यावर जीन्समध्ये फिरणाऱ्या बाईंचा फोटो काढून संस्थेला पाठवणारे महाभाग मात्र मला अजून समजलेले नाहीत.

आता तुमच्या संचालकांपैकी जे प्रामाणिकपणे अस्वस्थ आहेत त्यांच्याबद्दल. सगळे डाव खेळत नसतात. आपल्याकडे गुरुजींना गावानं मान दिलाय. भावकीचा वाद मिटवायला बोलावतात, सोयरीक ठरवताना विचारतात. तो मान पगारातून मिळत नाही, गाव देतं, आणि गाव काढूनही घेऊ शकतं. बाईंना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही तर त्यावर शिक्षकांच्या नोकरीचे वाद ऐकणारं शाळा न्यायाधिकरण काही करू शकत नाही. पण मुख्याध्यापकपद हा गावानं दिलेला मान नव्हे. तो सेवेतून मिळवलेला हक्क आहे.

आणि 'मुली काय शिकणार' याचं म्हणाल तर तुमच्या शाळेत नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आयांच्या मुली आहेत. प्रवेश अर्जाच्या पालकाच्या रकान्यात आजोबांचं किंवा मामाचं नाव असलेल्या. बाईंना डावललं तर त्या मुलींना त्यातलं बरोबर कळेल, समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय खरं बोलायचं तर दुसऱ्या गावात दुसरा संसार असलेले पुरुष मुख्याध्यापक आपल्या जिल्ह्यात सत्काराचे नारळ घेऊन निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या वेळी मुलगे काय शिकणार असा अर्ज कुणी केल्याचं मला आठवत नाही.

राहता राहिलं काय करायचं ते. शाळा समितीचा ठराव वेळेत करा आणि बाईंचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पाठवा. ठरावात फक्त ज्येष्ठता, पात्रता आणि सेवा अभिलेख लिहा. 'आलेल्या तक्रारींचा विचार करून' असं एक अक्षरही नको, कारण तो विचार करायचा अधिकारच समितीला नव्हता. बाईंकडून 'माझ्या वर्तनानं संस्थेची बदनामी होणार नाही' असलं हमीपत्र मागू नका. असा कागद घेणाऱ्या संस्था मी पाहिल्यात, पुढे तोच कागद संस्थेविरुद्ध पहिला पुरावा होतो. त्यांना बोलावून अर्ज आल्याचं सांगा, वाचायला द्या, खुलासा मागू नका.

कुणी निलंबनाची भाषा करत असेल तर त्याला सांगा की शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ते करता येत नाही, आणि केलंत तर निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून जातो. डावलायचं ठरवलंत तर बाईंना १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. पदोन्नतीत डावलणं हे त्या कलमात स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे, आणि न्यायाधिकरण कोल्हापुरातच आहे, त्यांना लांब जावं लागणार नाही. तिथे तुमच्याकडे पहिल्या तारखेला गोपनीय अहवाल मागतील. अर्ज कुणी मागणार नाही.

अर्जदारांचं नाव-पत्ता खरा असेल तर आवक क्रमांक टाकून दोन ओळींचं उत्तर द्या : शाळेच्या कामकाजाविषयी तक्रार असल्यास तपशिलासह कळवावी, इतर बाबी संस्थेच्या अधिकारात येत नाहीत. निनावी असेल तर फाइलला लावून ठेवा. आणि दुसऱ्या नंबरच्या सरांना चहाला बोलवा. त्यांना सांगा की बाई निवृत्त झाल्या की नंबर त्यांचाच आहे, तोवर त्यांच्याही अहवालात काही राहून गेलंय का ते बघायला आपण बसलोच आहोत.